तेरीज जुळली होती

गुरुवार, रात्री उशिरा

आज दुपारी एका विद्यार्थिनीच्या तेरजेच्या (सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाक्या जुळतात का ते पाहण्याच्या पत्रकाच्या) फाइलमध्ये विक्रीचा एक आकडा मी सहज दुरुस्त केला आणि खालची बेरीज जागची हलली नाही. घडले ते एवढेच. ४,५०० च्या जागी ५,४०० पडले होते. ते नीट केल्यावर जमेची बाजू ९०० ने उतरायला हवी होती. बेरजेच्या सेलवर गेलो, तर तिथे फॉर्म्युलाच नव्हता. नावेची बेरीज पाहून तोच आकडा जमेखाली हाताने टाकलेला होता. याच तेरजेच्या छापील प्रतीवर मागच्या आठवड्यात मी दहापैकी दहा गुण दिले आहेत.

‘सर, पण तेरीज जुळलीच आहे ना?’ असे ती म्हणाली. तिच्या आवाजात लबाडी असती तर मला इतके लागले नसते.

फरकाला ९ ने भाग जात असेल तर आधी अंकांची उलटापालट शोधावी, हे मला वहीवर शिकवले गेले. फरक सापडलाच नाही तर तो सस्पेन्स खात्यात टाकत असू, आणि ते खाते म्हणजे चूक अजून सापडलेली नाही, अशी उघड कबुली असे. तिच्या त्या सेलमध्ये कबुली नाही. दिवसभर मला सलते आहे ते हेच, आणि ही सवय तिला कोणी लावली, हा प्रश्न त्याच्या मागोमाग येतो.

लॅबमध्ये दोघांत एक संगणक, सत्र संपत आले की तपासणी-नियंत्रणांचा भाग दोन तासांत उरकायचा, आणि वर मुलांना काही येत नाही हे ऐकून घ्यायचे. संध्याकाळी घरी येईपर्यंत मी हेच घोकत होतो. वरिष्ठ मॅडमना कळवायचे की नाही, ते नंतर पाहीन.

दरवर्षी मी राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या, सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरच्या २०१० च्या निबंधाची हकीकत सांगतो. एक्सेलमधल्या सरासरीच्या फॉर्म्युल्यात २० देशांऐवजी १५ च देशांच्या ओळी आल्या, ऑस्ट्रेलियापासून डेन्मार्कपर्यंतचे पाच देश बाहेर राहिले, आणि २०१३ मध्ये एका विद्यार्थ्याने मूळ फाइल मिळवून पाहिली तेव्हा ते उघडकीला आले. मुले मन लावून ऐकतात. त्यानंतर मी त्यांच्या छापील प्रती गोळा करतो.

दोन बाजूंचा फरक दाखवणारा, शून्य नसेल तर लाल होणारा सेल मी शिकवला होता. पण इथे तोही शून्यच दाखवतो. फॉर्म्युल्यांच्या सेलना कुलूप घालायचे राहूनच गेले. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे, हा नियम मी परीक्षेपुरता लिहून दिला, आणि आमच्या या साध्या पानावर तसा कोणताही माग उरत नाही, हे मात्र सांगितले नाही. कंट्रोल धरून टॅबच्या वरची कळ दाबली की पानावरचे सगळे फॉर्म्युले उघडे दिसतात. तपासताना ती एक कळ मी स्वतः दाबली नव्हती.

तिचे दहा गुण तसेच राहतील, कारण मी जुळलेली तेरीज मागितली होती आणि तिने ती दिली. उरलेल्या ५९ जणांना फाइली पाठवायला सांगितल्या आहेत. उद्या प्रत्येक फाइलमध्ये विक्रीचा आकडा बदलून पाहीन.