कंटेनर सगळे चालू, पण लॅबमधून सर्व्हरच दिसंना: माझा अनुभव

लातूर जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचे वेबसर्व्हर मी सांभाळतो, कंत्राटावर. नोटिसांची साईट, मूडल (ऑनलाईन शिकवण्याचं पोर्टल), लायब्ररीचा कॅटलॉग आणि परीक्षा फॉर्मचं पोर्टल हे सगळं एकाच जुन्या मशीनवर कोंबलेलं होतं. त्यात परीक्षेच्या पोर्टलला पीएचपी या वेबसाईटच्या भाषेची ५.६ ही जुनी आवृत्ती लागायची, जिचा सपोर्ट २०१८ च्या शेवटीच संपलाय, आणि मूडलला मात्र नवंच पाहिजे. म्हणून प्रत्येक साईट वेगळ्या डॉकर कंटेनरमध्ये (साईट आणि तिला लागणारं सॉफ्टवेअर यांचा वेगळा डबा), पुढं एक एनजिनएक्स (येणारी विनंती योग्य साईटकडं पाठवणारा वेबसर्व्हर), आणि हे सगळं हातानं न करता ॲन्सिबलच्या प्लेबुकमधून (सर्व्हरवरची कामं ओळीनं आपोआप करणारी फाईल) करायचं ठरवलं. इमेज (कंटेनरचा साचा), कंपोज फाईल (कुठले कंटेनर कसे चालवायचे त्याची), प्लेबुक हे सगळं विनातक्रार झालं, त्यावर नेटवर लई माहिती आहे.

अडलं ते पुढं. प्लेबुक मी लॅबमधल्या मशीनवरून चालवायचो. डॉकर इन्स्टॉल झालं, फाईली कॉपी झाल्या, आणि कंटेनर सुरू करणाऱ्या कंपोज अपच्या टास्कला आलं की स्क्रीन तशीच थांबायची, मग लाल अक्षरात अनरिचेबल, म्हणजे सर्व्हर सापडंना. एसएसएच (दुरून लॉगिन) बंद, पिंग (सर्व्हर उत्तर देतो का ते बघणं) बंद, साईट उघडंना. पळत सर्व्हर रूममध्ये जाऊन बघावं तर सगळे कंटेनर व्यवस्थित चालू आणि तिथल्या मशीनवर साईट उघडायली! कंपोज डाऊन केलं की लॅबमधून लगेच पिंग सुरू.

आता नेटवर्क सांभाळणारं ऑफिस. तिथं गेलो तर साहेब म्हणले, "आमच्याकडून सगळं ओके आहे, तुमच्या डॉकरचंच काहीतरी असंल." म्हणलं सर, कॅम्पसमध्ये कोणकोणत्या आयपी रेंज (मशीनच्या नेटवर्क पत्त्यांच्या रांगा) वापरात आहेत तेवढं फक्त सांगा. तर म्हणे रीतसर अर्ज द्या, विभागप्रमुखांच्या सहीनं. दिला. आवक नंबर पडला. मग साहेब ट्रेनिंगला. आल्यावर म्हणले ही माहिती गोपनीय आहे, प्राचार्यांची परवानगी लागंल. परवानगी आणली तर फाईल दुसऱ्या टेबलावर गेलेली, आणि त्या टेबलावरच्या मॅडम रजेवर. अहो, पासवर्ड मागितला नव्हता मी, कॅम्पसमध्ये कुठल्या रेंज वापरात आहेत एवढंच विचारलं होतं. इकडं परीक्षा फॉर्मची तारीख जवळ यायली होती, आणि औसा-निलंग्याकडून येणारी कितीतरी पोरं फॉर्म कॉलेजच्या लॅबमध्ये बसूनच भरतात. म्हणजे नेमकं जिथून साईट दिसायला पाहिजे तिथूनच दिसंना. याचाच मला आजही राग येतो.

कारण शेवटी मीच शोधलं. सर्व्हरवर टीसीपीडंप (नेटवर्कवरून काय येतं-जातं ते दाखवणारा प्रोग्राम) लावला आणि लॅबमधून पिंग करायला लावलं. विनंती सर्व्हरपर्यंत यायली, उत्तर मात्र त्या केबलवरून बाहेरच पडंना. मग कुठला पत्ता कुठून पाठवायचा ते दाखवणारी आयपी राऊट कमांड दिली आणि ती ओळ दिसली: १७२.१८.०.०/१६ (म्हणजे १७२.१८ नं सुरू होणारे सगळे पत्ते), आणि त्यापुढं बीआर-नं सुरू होणारं डॉकरच्या ब्रिजचं (कंटेनर जोडणाऱ्या आतल्या नेटवर्कचं) नाव. लॅबच्या मशीनचा पत्ता बघितला तर तोही १७२.१८ नंच सुरू. डॉकरचा मूळ ब्रिज १७२.१७ वर असतो आणि कंपोजनं पहिलं नेटवर्क बनवलं की त्याला बहुतेक वेळा १७२.१८ मिळतं. आमचा सर्व्हर १० नं सुरू होणाऱ्या रेंजमध्ये, लॅब राउटरच्या पलीकडं, त्यामुळं लॅबची रेंज सर्व्हरच्या राऊट टेबलात वेगळी नव्हतीच आणि डॉकरला ती मोकळी वाटली. गावात एकाच नावाची दोन माणसं असली की पत्र जवळच्याच घरात पडतं, तसं लॅबसाठीचं उत्तर सर्व्हर स्वतःच्याच ब्रिजला द्यायचा.

पण कारण कळून भागत नाही. दुसरी कुठली रेंज द्यायची? अंदाजानं दिली आणि ती हॉस्टेलची निघाली तर तिकडं तेच. यादी पाहिजेच होती. शेवटी एक दिवस फोन आला, येऊन घेऊन जा. एक पानाची प्रिंट, त्यात हॉस्टेलची रेंज पेननं खोडून दुरुस्त केलेली, खाली सही-शिक्का. इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

मग इटीसी फोल्डरमधल्या डॉकरच्या डीमन डॉट जेसन या सेटिंगच्या फाईलमध्ये डिफॉल्ट-ॲड्रेस-पूल्सला (नव्या नेटवर्कनी पत्ते कुठून घ्यायचे ते) १०.२१०.०.०/१६, साईज २४ (प्रत्येक नेटवर्कला त्यातला एक छोटा तुकडा), आणि मूळ ब्रिजसाठी बीआयपीला (त्याचा पत्ता) १०.२०९.०.१/२४ दिलं. तुमच्याकडं या रेंज मोकळ्या आहेत का ते आधी बघा. डॉकर रिस्टार्ट केल्यावर आधी बनलेली नेटवर्क आपोआप बदलत नाहीत, कंपोज डाऊन करून परत अप करावं लागतं. ही फाईल प्लेबुकमध्ये डॉकर सुरू व्हायच्या आधीच जाऊ द्या. आणि तुम्ही असं काम घेणार असाल तर पहिल्याच दिवशी आयपी रेंजची यादी लेखी मागा, अर्जाच्या प्रतीवर आवक नंबर घ्या. तोंडी विचारलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

त्याच फाईलमध्ये लॉगची मर्यादा पण टाका, मॅक्स-साईज १० एम, मॅक्स-फाईल ३, नाहीतर डॉकरचे लॉग वाढतच जातात आणि डिस्क भरते. ही मर्यादा नवीन बनणाऱ्या कंटेनरलाच लागते. इमेजला लेटेस्ट टॅग लावू नका, नेमकी आवृत्ती लिहा. अन् हो, आपल्याकडं लाईटचा भरवसा नाही, तर कंपोज फाईलमध्ये रिस्टार्टला अनलेस-स्टॉप्ड द्या आणि डॉकर सर्व्हिस बूटला चालू होईल असं करा, म्हणजे लाईट आली की साईट आपोआप उभी राहते. फक्त हातानं थांबवलेला कंटेनर त्यात परत उठत नाही, तो आठवणीनं सुरू करावा लागतो.

आता कोरं मशीन दिलं तरी एका कमांडमध्ये चारही साईट उभ्या राहतात, याचा मला अभिमान आहे. यावेळचे फॉर्म पोरांनी लॅबमधूनच भरले. हॉस्टेलची रेंज परत बदलणार असं ऐकायलोय, त्याचा अर्ज मी आजच देऊन आलो.