ऐकू न आल्याची रीत

संध्याकाळच्या बदलापूर लोकलच्या लेडीज डब्यात परवा माझ्यासमोर बसलेली एक बाई फोनवर म्हणत होती, “नाही, मी तसं म्हटलंच नव्हतं.” मग थोडी शांतता. “किती? चार लाख?” पुन्हा शांतता. “मग अंगठी परत मागून घे ना!” शेजारी गवार निवडत बसलेल्या बाईंचा हात शेंगेवरच थांबला. दाराशी उभ्या असलेल्या मुलीने एका कानातला इअरफोन हळूच काढला. तेवढ्यात ठाणे आले, बाई “उतरल्यावर करते” असे म्हणून गर्दीत नाहीशी झाली आणि अंगठी कोणाची व चार लाख कशाचे, हे कोडे आमच्या गळ्यात बांधून गेली. तरीही डब्यात कोणी कोणाकडे पाहिले नाही. आम्ही कोणीच काही ऐकले नव्हते.

दोन माणसे समोरासमोर बोलत असली तर त्यांचे बोलणे कानाआड करता येते, पण फोनवरच्या एकाच बाजूचे बोलणे कानाआड करता येत नाही, हा अनुभव लोकलने जाणाऱ्या कोणालाही असेल. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रयोग करून हेच दाखवून दिले की, अर्धवट ऐकू येणारा संवाद पूर्ण संवादापेक्षा लक्ष अधिक विचलित करतो, कारण पुढचे वाक्य काय येईल याचा अंदाज मनाला बांधता येत नाही आणि मन तर अंदाज बांधायचे थांबत नाही. त्यामुळे समोरच्या बाईचे ऐकणे हा आमचा भोचकपणा नव्हता, असे मला आता शास्त्राच्या आधाराने म्हणता येते. (थोडासा होता. पण थोडासाच.)

माझे लहानपण लालबागच्या चाळीत गेले आणि तेव्हा आमच्या मजल्यावर एकच फोन होता. नातेवाइकांना दिलेल्या नंबरापुढे आम्ही कंसात ‘पी. पी.’ असे लिहीत असू, म्हणजे फोन आमचा नाही, शेजाऱ्यांचा आहे, बोलावून घ्यावे लागेल. फोन आला की शेजारच्या काकू गॅलरीतून हाक मारीत. आई पदर सारखा करून जाई, क्रोशाच्या विणलेल्या रुमालाखालचा तो काळा फोन दोन्ही हातांनी धरी, आणि त्याच क्षणी काकू उठून स्वयंपाकघरात जात. तिथे त्या नळ सोडीत, भांडी जरा गरजेपेक्षा जास्तच वाजवीत. दहा बाय दहाच्या खोलीत त्यांना शब्द न् शब्द ऐकू जात असणार, हे आईला ठाऊक होते आणि आईला हे ठाऊक आहे, हे काकूंनाही ठाऊक होते. बोलणे संपले की आई “येते हं” म्हणे आणि काकू “चहा घेतला असता” म्हणत, पण कोणाचा फोन, काय म्हणाले, असे त्यांनी कधी विचारले नाही. माझी मावशी गेल्याचा निरोप त्याच फोनवर आला. त्या दिवशीही काकूंनी काही विचारले नाही. तासाभराने त्यांच्याकडून पिठले-भात झाकून आला.

चाळीत दारे दिवसभर उघडी असत, भिंती पातळ असत आणि प्रत्येकाचे सगळे प्रत्येकाला ऐकू येई. अशा ठिकाणी हळू बोलण्याचा नियम करून उपयोग नव्हता, म्हणून ऐकणाऱ्यानेच ऐकू न आल्यासारखे करायचे, अशी रीत पडली. मुंबईच्या माणसाला फोनचा शिष्टाचार नाही असे म्हणणाऱ्यांना ही रीत दिसत नाही, कारण ती बोलणाऱ्याच्या बाजूने पाळली जात नाही.

मोबाइल आला तेव्हा काही काळ बोलणाऱ्यावरही वचक होता, पण तो खिशाचा होता. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कोलकात्याहून पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीतल्या तेव्हाच्या केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या वेळी मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत, त्यामुळे माणूस “पोचलो, ठेवतो” एवढ्यावर आटोपत असे. आलेला फोन २००३ मध्ये फुकट झाला, २०१६ नंतर तर बोलणे जवळजवळ मोफतच झाले, आणि वाक्यांना पूर्णविराम देण्याचे आर्थिक कारण उरले नाही.

शिवाय माणसे मोठ्याने बोलतात ती केवळ उद्धटपणाने नव्हे. भोवती गोंगाट असला की माणसाचा आवाज आपोआप चढतो, हे एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच वैद्याने १९११ मध्येच लिहून ठेवले आहे, आणि त्याने तर मस्जिद बंदर ते सँडहर्स्ट रोड असा प्रवास कधी केला नव्हता. त्यातही मला त्या बोलणाऱ्या बाईची बाजू घ्यावीशी वाटते. घरी सासू-सासरे, मुले आणि अभ्यासाला आलेला दीर असताना, ऑफिसात साहेबाच्या काचेसमोर बसलेली असताना, बहिणीशी मनातले बोलायला तिला दिवसभरात मिळणारी एकमेव खोली म्हणजे हा डबा. तिथे शंभर अनोळखी बायका असतात हीच त्या खोलीची सोय, कारण त्यांच्यातली एकही तिच्या सासूला ओळखत नाही. जपानमध्ये गाडीत फोनवर बोलणे असभ्य मानतात आणि फोनच्या आवाज बंद करण्याच्या सोयीलाच तिथे ‘मॅनर मोड’ म्हणतात, हे उदाहरण आपल्याकडे वरचेवर दिले जाते. टोकियोतली घरेही काही ऐसपैस नसतात, असे कोणी म्हणेल, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी बहिणीशी बोलणारीला गप्प करायला माझी जीभ रेटत नाही.

रील लावणाऱ्यांचे मात्र तसे नाही. बोलण्याला काही गरज तरी असते, पण तेच ते पंधरा सेकंदांचे गाणे आणि त्यामागचे ते रेकॉर्ड केलेले हसू संपूर्ण डब्याला ऐकवण्याची गरज कोणती? इथे आमची जुनी रीतही लंगडी पडते. कोणाचे दुःख कानावर पडले तर न ऐकल्यासारखे करण्यात त्या माणसाचा मान राखला जातो, रीलच्या बाबतीत राखायचे काय? २०२३ च्या एप्रिलमध्ये बेस्टने आपल्या बसमध्ये हेडफोनशिवाय गाणी वा व्हिडिओ लावायला आणि फोनवर मोठ्याने बोलायला मनाई केली, तेव्हा मला त्यातला पहिला भाग मनापासून पटला. पण तो अमलात आणायचा कोणी, तर कंडक्टरने, ज्याचा अर्धा दिवस “पुढे चला, पुढे चला” म्हणण्यात जातो. एकदा मी धीर करून शेजारच्या तरुणाला “आवाज जरा कमी करता का?” असे विचारले. त्याने लगेच केला, “सॉरी आंटी” म्हणाला, आणि मग बराच वेळ मला रीलपेक्षा त्या ‘आंटी’चाच त्रास होत राहिला.

नाटकाच्या बाबतीत तर मी कुठल्याही सवलतीच्या विरुद्ध आहे. तिसऱ्या घंटेआधी फोन बंद ठेवण्याची सूचना होते, सगळे माना डोलावतात, आणि नेमका दुसऱ्या अंकात, आई मुलाला खरे काय ते सांगणार इतक्यात, आठव्या रांगेतून गणपतीची आरती सुरू होते. प्रेक्षक एकवेळ न ऐकल्यासारखे करतील, पण रंगमंचावरच्या नटाने ते कसे करावे? त्याचे तर सगळे कामच ऐकण्यावर चालते. प्रयोगात फोन वाजतच राहणार असतील तर नाटकात काम करणे थांबवू, असे सुबोध भावे यांनी २०१९ मध्ये जाहीरपणे म्हटले होते, ते मला अजिबात टोकाचे वाटले नाही.

आता माझ्याविषयी. गेल्या महिन्यात माझा मामेभाऊ मामांना तपासणीसाठी केईएमला घेऊन येणार होता आणि मी लोकलमधून त्याला फोनवर रस्ता सांगत होते. आवाज माझाही चढलाच होता. “हे बघ, कल्याणहून फास्ट पकड आणि परळला उतर,” असे मी म्हणाले मात्र, समोरच्या खिडकीतल्या बाई, ज्या कुर्ल्यापासून डोळे मिटून जप करीत होत्या, त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, “फास्ट परळला थांबत नाही.” “दादरला बदलायला सांगा ना,” चौथ्या सीटवरून आवाज आला. “पेशंट आहे हो बरोबर, मघाशी म्हणाल्या त्या, जिने कुठे चढायला लावता? कल्याणहून सरळ स्लोच धरू दे,” तिसरी म्हणाली. “वेळ जास्त लागेल.” “लागू दे, बसायला तर मिळेल.” मी फोन कानापासून थोडा दूर धरला आणि मामेभावाला म्हटले, “थांब जरा, ठरतंय.”