सिॲटलनं संघ जाऊच कसा दिला?

एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, पाहणारे हमखास विचारतात : बोइंगसारख्या कंपनीचं, पैसेवाल्यांचं सिॲटल, त्यानं सुपरसॉनिक्स हा आपला संघ 2008मध्ये ओक्लाहोमा सिटीला जाऊच कसा दिला?

खेळात खोट नव्हती. 1967मध्ये संघ उभा राहिला, बोइंगच्या नियोजित सुपरसॉनिक विमानावरून त्याचं बारसं झालं. (विमान काही उडालं नाही, 1971मध्ये अमेरिकी काँग्रेसनं पैसा बंद केला.) 1979मध्ये विजेतेपद, 1996मध्ये अंतिम फेरी. दुखणं होतं स्टेडियमचं.

की अरीना ही 1962च्या जागतिक प्रदर्शनाची इमारत. 1995मध्ये छताचा जुना आकार राखून ती आतून नव्यानं बांधली, पण खुर्च्या सतरा हजारांवरच अडल्या. एव्हाना संघमालकांचं नुसत्या तिकिटांवर भागेनासं झालं होतं; खरी कमाई प्रेक्षकांसाठीच्या महागड्या खासगी बॉक्सांची आणि खाण्यापिण्याची. इथं त्यात शहराचाही वाटा, कारण बांधकामाचं कर्ज त्यातूनच फिटायचं. संघाचे तेव्हाचे मालक, स्टारबक्सवाले हॉवर्ड शुल्ट्झ यांनी स्टेडियमसाठी सरकारकडे पैसा मागितला. तो मिळेना, तेव्हा 2006मध्ये त्यांनी 35 कोटी डॉलरना संघ ओक्लाहोमाच्या क्ले बेनेट यांच्या गटाला विकला. माझ्या मते संघ तेव्हाच गेला, पुढची सगळी कागदपत्रं. त्याच नोव्हेंबरात सिॲटलच्या मतदारांनी बजावलं : संघाला पैसा द्यायचा तर शहराला निदान सरकारी रोख्यांइतका परतावा हवा. उलट ओक्लाहोमा सिटीच्या मतदारांनी मार्च 2008मध्ये स्टेडियम सुधारायला एक टक्का विक्रीकर आनंदानं सोसला. कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सचा संघ तिथं दोन मोसम खेळला होता. गर्दी होते हे सिद्ध झालेलं.

भाडेकरार 2010पर्यंतचा होता, म्हणून सिॲटल कोर्टात गेलं. 2 जुलै 2008ला निकाल यायचा, त्याच दिवशी तडजोड झाली : शहराला साडेचार कोटी डॉलर, शिवाय संघाचं नाव आणि हिरवा-सोनेरी रंग सिॲटलसाठी राखीव. ओक्लाहोमाचा संघ 'थंडर' झाला तो यामुळे. 1979चा करंडकही सिॲटललाच राहिला.

2013मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज हा एनबीएतलाच दुसरा संघ सिॲटलला आणायचा बेत जवळपास जमला होता. तो मोडला मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या गटानं. किंग्ज त्यांनी घेतला आणि सॅक्रामेंटोतच ठेवला. की अरीनाचं म्हणाल, तर सुमारे दोन कोटी किलोचं ते छत टेकूंवर तोलून धरलं, खाली खोल खणलं आणि 2021मध्ये त्याच जागी नवं स्टेडियम उघडलं. खर्च खासगी कंपनीचा, आणि पहिला मोठा भाडेकरू बर्फावरच्या हॉकीचा संघ.