१०८ कडे : चौदाव्या आठवड्याची नोंद

दसऱ्याला ठरवलं होतं, येत्या रथसप्तमीला १०८ सूर्यनमस्कार घालायचे. आज चौदावा आठवडा संपला. संक्रांत आठवड्यावर आली आहे आणि माझा आकडा ७२ वर आहे. मधले पाच आठवडे काहीच टिपून ठेवलं नव्हतं, त्यामुळे ही नोंद जरा लांबणार.

आधी आकडे. पहिल्या आठवड्यात १२, तेही मध्ये थांबून. चौथ्यात २४. सहाव्या आठवड्यात एका रविवारी अंगात उत्साह होता म्हणून थेट ५४ घातले, आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरली. वाकून बादली उचलता येईना. चूक कुठे झाली ते नंतर नीट समजलं. साताऱ्यातली नोव्हेंबरची पहाट, अंग गार, आणि पादहस्तासनात कपाळ गुडघ्याला टेकवायच्या हट्टापायी मी पाठीतून वाकत होते. मांडीच्या मागच्या शिरा आखडलेल्या असल्या की सगळा ताण कमरेवर येतो. आता गुडघे किंचित सैल ठेवते आणि खुब्यातून वाकते. कपाळ टेकत नाही. कंबर मात्र पुन्हा दुखलेली नाही.

ते दहा दिवस नमस्कार बंद होते. पण खरं सांगायचं तर माझा योग त्याच दहा दिवसांत घरभर पसरला. चटई अंथरायची नाही म्हटल्यावर उरलं काय? ओट्यापाशी उभं राहणं. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ताडासन करायचं. दोन्ही पावलांवर सारखं वजन, टाचा जड, गुडघ्याच्या वाट्या वर ओढलेल्या, खांदे कानांपासून लांब. माझं वजन कायम उजव्या पायावर असतं, हे मला ४७ व्या वर्षी ओट्यापाशी कळलं. दूध तापेपर्यंत एका पायावरचं वृक्षासन, नजर दुधाच्या कडेवर. साय थरथरायला लागली की पाय खाली. भिंतीला टाचा टेकवून, हात खुर्चीच्या बैठकीवर ठेवून अर्धं पर्वतासनही केलं, म्हणजे कंबर वर आणि डोकं हातांमध्ये. भिंत, खुर्ची, पट्टा यांचा आधार घेणं म्हणजे कमीपणा नाही, हे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी आपल्याला शिकवून ठेवलंय. १९३७ साली ते पुण्यात शिकवायला आले. लहानपणी स्वतःची तब्येत तोळामासा असलेला माणूस. दुखऱ्या शरीराची भाषा त्यांना कळायचीच.

ओट्यापाशी मी अशी उभी असताना आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात येऊन बघत राहायच्या. एक दिवस म्हणाल्या, "अगं, नमस्कार सोडलेस का?" कंबरेचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरी झालीस की मी मोजते, तू घाल."

आईंचं माहेर औंधचं. पुण्याचं औंध नव्हे, आपल्या खटाव तालुक्यातलं, यमाईचं. तिथले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः रोज नमस्कार घालायचे आणि संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते सुरू केले होते. आज जगभर जो सूर्यनमस्कार घातला जातो, त्याच्या प्रसारात या छोट्या संस्थानाचा वाटा फार मोठा आहे. आईंचे वडील औंधच्या शाळेत शिकलेले. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, पण त्यांच्या घराच्या अंगणातले नमस्कार चालूच राहिले. पाचही भावंडं रांगेत, वडील समोर उभे, सूर्याचं एकेक नाव मोठ्याने. बावीस वर्षं एका घरात राहून मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आमचं बोलणं भाजी, औषधं आणि पाहुणे एवढ्यापुरतंच. मी विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं.

आठव्या आठवड्यापासून रोज सकाळी सहाला आई पुढच्या खोलीत खुर्चीवर बसतात. मांडीवर स्टीलच्या दोन वाट्या, एकीत चिंचोके. मित्राय नमः, चिंचोका दुसऱ्या वाटीत, टण्. रवये नमः, टण्. बारा नावांची एक फेरी. अशा नऊ फेऱ्या म्हणजे १०८.

माझा दम सातव्याला अडकतो. खग, पूषा इथपर्यंत श्वास लयीत असतो, हिरण्यगर्भापाशी तोंड उघडतं. मोजणीच्या पहिल्या आठवड्यात आई एका लयीत नावं म्हणायच्या आणि मी मागे पडायचे. मग त्यांनी काय केलं, तर सातवं नाव लांबवायला सुरुवात केली. हिऽरण्यगर्भाऽय नमः. तेवढ्या वेळात माझा उच्छ्वास पुरा होतो. त्यांना विचारलं, मुद्दाम करता का? म्हणाल्या, "तुझा श्वास ऐकू येतो की मला." आईंना टीव्ही मोठा लावावा लागतो. पण चार हातांवरच्या चटईवरचा माझा श्वास त्यांना ऐकू येतो.

तेव्हापासून माझी गती त्यांच्या हातात आहे. बाराची फेरी पूर्वी चार मिनिटांत उरकायची, आता सहा लागतात, आणि दम पुरतो. बाकी तपशील थोडक्यात. मनगटं दुखायची, तळवा सपाट दाबून अंगठा आणि तर्जनीच्या मुळाशी वजन नेल्यावर थांबली. सतरंजी फरशीवर सरकते, ती बंद करून रबरी मॅट घेतली. अष्टांगनमस्कारात, म्हणजे पालथं होऊन आठ अंगं जमिनीला टेकवताना, छाती आधी टेकते आणि हनुवटी मागून, दोन्ही एकदम अजून जमत नाही. पर्वतासनात डावी टाच अजून बोटभर वर राहते. कुणी यावर काम केलं असेल तर जरूर सांगा. पोटरी ताणून झाली, घोटाही फिरवून झाला.

तेराव्या आठवड्यात आईंना घेऊन औंधला जाऊन आले. डोंगरावरची यमाई, वाटेतलं संग्रहालय, आणि मग त्यांचं जुनं घर. ते आता दुसऱ्यांचं आहे. मालकीणबाईंनी आत बोलावलं. अंगणात शहाबादी फरशी घातली आहे. आई मधोमध उभ्या राहिल्या, पावलं जुळवली, हात जोडले, मग वर नेले. उजवा हात खांद्याच्या पुढे जात नाही त्यांचा. जिथवर गेला तिथवर नेला, डोळे मिटले. मी शेजारी उभी राहिले आणि त्यांच्यासोबत हात वर घेतले. पहिल्यांदाच नावं मी म्हटली. मी 'पूषाय नमः' म्हटलं, तर डोळे न उघडता त्यांनी दुरुस्त केलं, "पूष्णे."

तिथून आल्यापासून आईसुद्धा खुर्चीवर बसून पहिली फेरी माझ्याबरोबर करतात. हात वर, मग मांड्यांवरून पावलांकडे जमेल तेवढं वाकणं, आणि परत. चिंचोके तेवढ्यापुरते माझा मुलगा टाकतो, तो उठला असेल तर.

रथसप्तमीला अडीच आठवडे आहेत. तीन फेऱ्या वाढवायच्या आहेत, आठवड्याला एक या हिशेबाने अर्धी फेरी कमी पडते. कंबरेचा अनुभव ताजा असल्याने घाई करणार नाही. ९६ वर थांबावं लागलं तर थांबेन. आईंचं म्हणणं वेगळं आहे. त्या म्हणतात, "बारा माझे धर की."

उद्या सहा फेऱ्या. चिंचोके रात्रीच मोजून ठेवलेत.