वाडी बघायला या, पण पाचोळ्याला नावं ठेवू नका

पाहुणे आमची माड-पोफळीची वाडी बघायला येणार म्हटलं की आमच्या सासूबाई खराटा शोधायला लागतात. त्यांच्या लेखी पाला पडलेली वाडी म्हणजे सुनेचा आळस. मी मात्र अंगणापलीकडे खराटा जाऊ देत नाही, यावरून आमची दर मोसमात एकदा तरी जुंपते.

दापोली तालुक्यातली आमची माती तांबडी, जांभ्याची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. त्यात चुना आणि पालाश (पोटॅशियम) धुऊन जातात, आणि स्फुरद (फॉस्फरस) असला तरी लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसतो, झाडाच्या वाट्याला येत नाही. अशा जमिनीला कुजलेल्या पाल्याशिवाय दुसरा आधार नाही. तो गोळा करून जाळायचा आणि मग पोतं भरून खत विकत आणायचं, हा व्यवहार मला कधी पटला नाही.

पाहुण्यांना मी आधी हेच दाखवते. पोफळीखालची वरची झावळी उचलायची, ती कडकडीत सुकलेली. तिच्याखालची बोटांनी दाबली तर भुगा. त्याखाली पांढरे बुरशीचे धागे आणि गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या. तिथे बोट सहज दोन पेरं आत जातं. मग तेच बोट पायवाटेवर रोवायला सांगते. नखसुद्धा शिरत नाही! म्हणून फिरायचं ते चिऱ्यांच्या वाटेवरूनच. माडाची बरीचशी मुळं बुंध्यापासून सहा फुटांच्या आत असतात, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ नको.

माडाच्या आळ्याभोवती चर खणून सोडणं, म्हणजे नारळाच्या साली, पुरलीत, पोकळ बाजू वर ठेवून. ती पाच-सात वर्षं ओल धरतात. कुंपणाला गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया) आहे, पावसाआधी छाटून त्याचा पाला आळ्यात टाकतो. सुकलेल्या पाल्यात साधारण तीन टक्के नत्र (नायट्रोजन) असतं, आणि ते फुकट.

सासूबाईंचा एक मुद्दा मात्र बिनतोड आहे. कुजकं साठलं की गेंड्या भुंगा येतो. तो अंडी घालतो गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात, आणि माडाच्या कुजक्या खोडात, आणि मोठा झाला की माडाचा कोंब पोखरतो. त्यामुळे पडलेलं खोड आम्ही वाडीत ठेवत नाही, आणि गायरी अधूनमधून उलथतो. अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या वर आल्या की कोंबड्यांची झुंबड उडते. शहरातून आलेली मुलं तिथून हलत नाहीत, आयांचे चेहरे मात्र बघण्यासारखे होतात.

यायचं तर दिवाळीनंतर, मेपर्यंत. पावसात वाडी बंद, कारण ओली माती पायाखाली दाबली गेली की लवकर सुटत नाही. आधी फोन करा. पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, सुके नारळ उतरवून गेला असेल तरच मी माणसांना माडाखाली नेते. फणसावर ओंबिलांची, म्हणजे चावऱ्या तांबड्या मुंग्यांची, घरटी आहेत, त्याखाली फोटो काढत उभं राहू नका.