तिघंच असलो की आधी बाहेरूनच पाणी

आमच्या बंबावर कागदोपत्री सहा माणसं, पण रात्रीच्या कॉलला गाडी निघते तेव्हा तिघंच असतो, ड्रायव्हर काका, मी आणि अजून एक फायरमन. काका पंप सोडून हलू शकत नाहीत, म्हणजे होजवर, पाण्याच्या पाइपवर, दोघंच. छोट्या नगरपालिकेत काम करणारे बरेच जण हेच सांगतील. नवीन भरती झालेली पोरं विचारतात की दादा, दोघांनी जळत्या घरात करायचं तरी काय, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

काही वर्षांपूर्वी बाजारपेठेत कापडाच्या दुकानाला आग लागली होती, खाली दुकान आणि वर मालकाचं घर. आम्ही उतरलो तसं पब्लिक ओरडायला लागलं, ओ साहेब बघत काय बसलाय, आत घुसा की! आणि मी घुसलो. जोडीदार अजून होज सोडवत होता, मी बीए सेट, म्हणजे श्वासासाठी हवेची टाकी आणि मास्क, चढवून एकटाच लाकडी जिन्यावर गेलो. सहाव्या-सातव्या पायरीवर बुटाखालची फळी मऊ लागली, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी, आणि पाय मांडीपर्यंत खाली गेला. जोडीदार हातातली ब्रँच, म्हणजे होजच्या टोकाची तोटी, टाकून धावला आणि बेल्टला धरून मला मागे ओढलं, त्या दोन-तीन मिनिटांत आगीवर पाण्याचा थेंब नव्हता आणि पहिला मजला पेटला. घरातली सगळी माणसं समोरच्या ओट्यावर उभी होती. मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून माझं पहिलं काम म्हणजे घरच्या माणसाला हाताला धरून बाजूला घ्यायचं आणि विचारायचं, आत कोण आहे, कुठल्या खोलीत, शेवटचं कधी बघितलं? गर्दीला नाही, घरच्यालाच. हे विचारत विचारतच इमारतीला पूर्ण फेरी मारायची, कारण पुढून नुसता धूर दिसतो आणि मागच्या बोळात गेलं की खिडकीतून लोळ येत असतो, गॅसचं सिलिंडर असतं किंवा वरून विजेची तार लोंबत असते. महावितरणला निघतानाच फोन करायचा. आणि मदतपण निघतानाच मागायची, शेजारच्या पालिकेचा बंब, एमआयडीसीचा, साखर कारखान्याचा, पाण्याचे टँकर. आग छोटी निघाली तर परत पाठवता येतात, त्यात कसला कमीपणा नाही. आमच्या केबिनमध्ये टँकरवाल्यांचे नंबर चिकटवलेत, ड्युटी बदलली की एकदा लावून बघतो.

पाण्याचा हिशोबही डोक्यात पाहिजे. गाडीत 4500 लिटर, ब्रँच मिनिटाला 450 लिटर फेकायला लागली की 10 मिनिटांत टाकी संपली. म्हणून पहिलं पाणी नेमकं पडलं पाहिजे. खिडकीतून लोळ बाहेर येत असेल तर जमिनीवर उभं राहून, जमेल तेवढं खिडकीच्या जवळून, सरळ जेट, म्हणजे एकच बारीक धार, वर खोलीच्या छताला मारायचा, 15-20 सेकंद, ब्रँच गोल गोल न फिरवता. छतावर आपटून पाणी पावसासारखं खाली पडतं आणि खोली थंड होते. स्प्रे, म्हणजे पसरलेला फवारा, मारला तर अख्खी खिडकी पाण्याने भरते आणि गरम धुराची बाहेर पडायची वाट बंद होते. जुनी माणसं सांगायची की बाहेरून पाणी मारलं की आग आत ढकलली जाते, मलाही तसंच शिकवलेलं. अमेरिकेत यूएल या संस्थेने घरं पेटवून मोजमापं घेतली तर दिसलं की आग सरकते ती हवेची वाट बदलली म्हणून. त्यामुळे पाणी तयार असल्याशिवाय दार उघडायचं नाही, काच फोडायची नाही. बंद शटरच्या फटीतून धूर बाहेर येतोय आणि परत आत ओढला जातोय, श्वास घेतल्यासारखा, असं दिसलं तर समोरून बाजूला व्हा, ते शटर घाईने उघडलं तर स्फोट होऊन अंगावर येईल.

अमेरिकेतच एनआयएसटी या सरकारी संस्थेने 2010 साली घराच्या आगीतल्या 22 कामांचा वेळ लावला, चौघांची टीम दोघांपेक्षा साधारण 7 मिनिटं आधी मोकळी झाली. म्हणजे दोघांनी सगळी कामं एकदम करायला जाऊच नये. आत जायचं तर दोघं आत आणि दोघं तयारीत बाहेर, हा तिकडे नियम आहे. आमच्याकडे बाहेरचे दोघं नाहीतच. माणूस आत असल्याची खात्री असेल आणि तो वाचण्यासारखा असेल तरच जोडीने जायचं, पाणी भरलेली होज हातात घेऊन. बीए सेटवर 45 मिनिटं लिहिलेलं असतं पण जिने चढून होज ओढताना हवा दुप्पट लागते, 20-25 मिनिटांत हवा संपत आल्याची शिट्टी वाजते, ती वाजायच्या आधी बाहेर असलं पाहिजे. सामानासाठी आत जायचं नाही, मालक पाया पडला तरी.

जुन्या लाकडी वाड्यात तर आणखी जपून. 9 मे 2015 ला काळबादेवीत गोकुळ निवास कोसळलं आणि मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले, दलाचे प्रमुख सुनील नेसरीकरसुद्धा. ते मुंबईचं दल होतं, अनुभवी माणसं होती. त्यानंतर मी इमारतीच्या उंचीच्या दीडपट अंतर सोडूनच गाडी लावायला सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात एका वाड्याला आग लागली, आम्ही तिघंच. सगळे बाहेर आहेत हे आजींकडून दोनदा विचारून घेतलं आणि खिडकीतूनच पाणी धरलं, पब्लिक शिव्या देत होतं, देऊ दिल्या. पंधरा-वीस मिनिटांनी कारखान्याचा बंब आला, मग दोघं दाराशी ठेवून आम्ही दोघं आत शिरलो. पुढची खोली कोळसा झालेली. आजींनी बाहेर पडताना मधलं दार ओढून घेतलं होतं, ते उघडून आत बघितलं तर चौकटीच्या वर भिंतीला वीतभर काळा पट्टा, आणि खाली पलंगावर घडी घातलेली गोधडी तशीच, साधी करपलेलीही नाही.