जंजिऱ्याला जाताय? आधी उडी मारायला शिका

आम्हा सोलापूरकरांना पाण्यातलं ठिकाण म्हटलं की सिद्धेश्वर तलावातलं देऊळ आठवतं. चालत जायचं, चालत यायचं, चप्पल कोरडी. त्याच हिशेबाने दाजी रबरी चप्पल घालून जंजिऱ्याला निघाले. मीही अडवलं नाही, कारण ज्याने हा किल्ला सुचवला त्याने मला सांगितलं होतं, "होडीत बसायचं, उतरायचं, दिवसभर आरामात हिंडायचं." यातलं फक्त होडीत बसायचं तेवढं खरं निघालं.

हे डिसेंबर २०१८ चं सांगतोय. सोलापूर, पुणे, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, दिघी. चारशेच्या वर किलोमीटर होतात, रात्री निघा. दिघीहून गाडी फेरीबोटीत घालून आगरदांड्याला उतरलं की राजपुरी जवळच.

राजपुरीच्या धक्क्यावरून किल्ला हाताच्या अंतरावर दिसतो, पण दरवाजा कुठेच दिसत नाही. दोन बुरुजांच्या बेचक्यात तो असा लपवलाय की होडी अगदी भिंतीखाली गेल्यावरच कळतं. चाळीसेक फूट उंच भिंत सरळ पाण्यातून वर येते. वाळू नाही, किनारा नाही, पाय टेकवायला जागा नाही. 'जझीरा' म्हणजे अरबीत बेट, त्याचंच जंजिरा झालं. बेट म्हणजे काय ते सोलापुरात बसून समजत नाही.

आता मुख्य मुद्दा. शिडाची होडी दरवाजासमोर येते आणि थांबत नाही, नुसती वरखाली होत राहते. समोर शेवाळलेल्या चार पायऱ्या. तिथे उभी असलेली पोरं हात पुढे करतात आणि ओरडतात, "चला, चला!" लाट होडीला वर आणते तेव्हा पायरी गुडघ्याच्या खाली असते, लाट ओसरली की तीच पायरी छातीशी. दाजींनी नेमकी ओसरती लाट धरली. एक पाय पायरीवर, एक होडीत, मध्ये अरबी समुद्र. पोरांनी ओढून घेतलं म्हणून माणूस वाचला, चप्पल गेली. तिथून पुढे अख्खा किल्ला दाजींनी एका चपलेवर पाहिला आणि मला एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

म्हणून नीट ऐका. होडी वर चढत असताना तयार राहा आणि ती पुरती वर आली की पाऊल टाका, उडी मारू नका. पोराची बोटं धरू नका, मनगट धरा. पिशवी पाठीवर, फोन प्लास्टिकमध्ये, पायात पट्टीचे सँडल किंवा बूट. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, ते दिवस टाळा. पावसाळ्यात तर होड्याच बंद असतात. गुडघे धरलेल्या माणसाला नेऊ नका. आमच्या आक्का धक्क्यावरच बसल्या, पाचजणांत शहाण्या त्याच.

दुसरी फसवणूक वेळेची. "दिवसभर" गेलं खड्ड्यात, होडीवाला पंचेचाळीस मिनिटं देतो. एवढ्यात १९ बुरूज कसे बघणार? आणि हे तो धक्क्यावर सांगत नाही, भर पाण्यात सांगतो. त्याच सुरात पुढचं वाक्य, "गाइडचे माणशी शंभर वेगळे." तिकीट तर आधीच काढलेलं. दाजी म्हणाले, "ओ मालक, खिडकीवर का नाही सांगितलं?" तो म्हणाला, "गाइडशिवाय आत सोडत नाहीत." साफ खोटं. दाराशी कुणी विचारलंसुद्धा नाही. घासाघीस करून चौघांचे तीनशे गेले, आणि त्या तीनशेत आम्हाला समुद्राखालून राजपुरीपर्यंत जाणारा बोगदा ऐकायला मिळाला. दाखवला नाही.

कलालबांगडी तोफेपाशी गाइड म्हणाला, "कितीही ऊन असू दे, ही तापत नाही." मी तळवा टेकवला. बारा वाजले होते. चांगला चटका बसला.

तरी एक गोष्ट त्याने खरी दाखवली. दाराच्या भिंतीवर शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी, कोरलाय, पंजाखाली हत्ती दाबलेले आणि शेपटीतही एक गुंडाळलेला. जमिनीवरच्या सत्तांना बेटावरून दिलेला इशाराच तो. ते बघताना मला आमचा भुईकोट आठवला. आदिलशाही आणि निजामशाहीने सोलापूरचा किल्ला चेंडूसारखा खेळवला, एकदा तर चांदबिबीच्या लग्नात हुंड्यात दिला. त्याच निजामशाहीच्या चाकरीतून हबशी, म्हणजेच सिद्दी, या बेटावर आले, आणि हे बेट मात्र परत कुणाच्या हाती लागलं नाही. मूळचे ॲबिसिनियाकडचे, म्हणजे आजच्या इथिओपियाकडचे लोक, नोकरीला दख्खनमध्ये आले आणि कोकणात राज्य करून बसले. म्हसळा, श्रीवर्धन त्यांचं, तिकडे गुजरातेत जाफराबादही त्यांचंच. पेशव्यांचं घराणंही याच सिद्दीच्या मुलखातून वर देशावर आलं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं.

पण 'अजिंक्य, अजिंक्य' फार ऐकू नका. इथे आधी राम पाटलाचा, कोळ्यांचा मेढेकोट, म्हणजे लाकडी ओंडक्यांचा कोट होता. निजामशाहीच्या पिरमखानाने व्यापारी बनून दारूच्या पिंपांतून माणसं आत घातली आणि तो घेतला, अशी कथा आहे. या बेटावर फसलेला पहिला माणूस राम पाटील, त्याच रांगेत शेवटी आम्ही.

आत गेल्यावर गाइडला सोडून द्या आणि सरळ पश्चिमेकडच्या दर्या दरवाजाकडे चालू लागा. गर्दी इकडे येत नाही. त्या तटावरून समुद्रात पद्मदुर्ग दिसतो, शिवाजी महाराजांनी सिद्दीच्या नाकावर टिच्चून बांधलेला. जंजिऱ्याच्या तटाला महाराजांच्या आरमारातल्या लाय पाटलाने रात्री शिड्या लावल्या होत्या, मोरोपंत पेशव्यांची फौज वेळेवर पोचली नाही. महाराजांनी पालखी देऊ केली, तर दर्यातल्या माणसाला पालखी कशाला म्हणून त्याने नाकारली, मग 'पालखी' नावाचं गलबतच त्याला दिलं. १६८२ मध्ये संभाजी महाराज राजपुरीकडून दगड टाकत समुद्र बुजवायला निघाले होते. मोगल चालून आले नसते तर दाजींची चप्पल आज शाबूत असती.

गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. चारी बाजूंनी खारट समुद्र आणि मध्ये गोडं पाणी, हे मात्र बघाच. इथला सिद्दी सुरूलखान, त्याच्या वाड्याच्या भिंती उभ्या आहेत, खाली झाडोरा माजलाय, अनवाणी जाऊ नका. दाजी गेले.

परत आल्यावर राजपुरीजवळ खोकरीला सिद्द्यांच्या कबरींच्या घुमटांकडे जा. सुरूलखान इथे निजलाय. गाइड नाही, घड्याळ नाही. अख्ख्या सहलीत मन शांत झालं ते इथेच, आणि शेंगाचटणी-भाकरीही इथेच सुटली.

परतताना होडीत चढायलाही तीच कसरत, फक्त उलटी. दाजी या वेळी बरोबर लाटेवर चढले. होडी सुटणार एवढ्यात एका पोराने पायरीखालून काठीने काहीतरी वर काढलं. दाजींची चप्पल, भिजून जड झालेली, पण धड. दाजी हसले, हात पुढे केला. पोराने चप्पल मागे घेतली.

"पन्नास रुपये, काका."

दाजींनी दिले.